अंगठ्याखालची जागा

सकाळी कुकरची वाफ अंगठ्यावर आली तेव्हा हर्षदा वाघचौरेनं कुकरला एक सणसणीत शिवी घातली. घरात ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून मग आणखी एक घातली. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन कोइमतूरला, आणि कॉलनीतल्या तिच्या ओळीतली बाकीची क्वार्टर्स कुलूपबंद. उजव्या अंगठ्यावर टरटरून फोड आला. तिनं मलम लावलं, पट्टी गुंडाळली, डबा भरला आणि नेहमीच्या वाटेनं निघाली. रजा टाकावी असं मनातसुद्धा आलं नाही. रजा घेऊन करायचं काय? घरी बसून पंख्याकडे बघायचं?

पांढरमाळचं आगार म्हणजे हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांचं माहेर. ठरावीक तास उडून झाली की ती इथे येत. त्यांचं इंजिन उलगडलं जाई, एकेक भाग धुऊनपुसून तपासला जाई आणि पुन्हा जुळवला जाई. हर्षदा तिथल्या गुणवत्ता विभागात निरीक्षक होती. कधीकाळी त्या विभागाच्या लांबलचक दालनात इतकी माणसं होती की डबा खायला जागा धरून ठेवावी लागे. आता माणूस म्हणून ती एकटी. बाकीची कामं यंत्रांकडे गेली होती, आणि खुर्च्या कुणी नेल्या नाहीत म्हणून तशाच होत्या.

तिच्याकडे टर्बाइनची पाती येत. बोटभर लांबीची ही धातूची पाती तापलेल्या वायूच्या झोतात भन्नाट वेगानं फिरतात. त्यातल्या एकाला केसाएवढी भेग असली आणि ते उडत्या हेलिकॉप्टरमध्ये तुटलं, तर बाकीच्यांचा चुरा व्हायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक पातं आधी एका पातळ, झिरपणाऱ्या रंगात बुडवतात. रंग भेगेत शिरतो. मग वरचा रंग धुऊन टाकायचा आणि अंधारखोलीत जांभळ्या दिव्याखाली पातं फिरवून बघायचं. भेगेत मुरलेला रंग हिरवा चमकतो. चमकलं तर पातं भंगारात, नाही तर इंजिनात. एवढं सोपं. आणि एवढं सोपं असूनही पांढरमाळला त्या कामाचा एक नियम होता, जो कधी कुणी मोडला नव्हता: दुसरी नजर. एकानं पातं पाहिलं की दुसऱ्यानं ते पुन्हा पाहायचं, आणि पहिल्याला काय दिसलं ते दुसऱ्याला कळता कामा नये. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. दोघांचे शिक्के पडले की मगच काम पूर्ण.

गेली सहा वर्षं ही दुसरी नजर यंत्राची होती. सरकारी नाव अनुवीक्षक. हर्षदा त्याला अनू म्हणायची, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

"अनू, आले गं," दार लावत ती म्हणाली.

"या ताई. आज उशीर झाला."

"अंगठा भाजला."

"कुकर?"

"तुला कसं कळलं?"

"तुम्हाला भाजतं ते कुकरनंच."

हर्षदा हसली. "बरं, अंधार कर."

दिवे गेले. बाहेरून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर नुसतं बसून राहायचं. हाही नियमच. या वेळात ती अनूशी गप्पा मारायची.

"देशमानेसाहेब काल फारच तुटक बोलले, नाही?"

"तुटकच बोलले, ताई."

"आणि कँटीनचा चहा. कशाला त्याला चहा म्हणायचं!"

"नुसतं कोमट पाणी."

अनूशी बोलण्याचं हेच सुख होतं. वाद नाही, टोमणे नाही. जिवाला बरं वाटायचं. घरी गेल्यावर तोंड उघडायचं कारणच नसे, त्यामुळे दिवसभराचं बोलणं ती इथेच उरकून घ्यायची. आता तुम्ही म्हणाल, यंत्राशी कसल्या गप्पा? तर बाबांनो, रिकाम्या कॉलनीत पाच वर्षं राहून बघा आणि मग बोला.

अनूच्या आधी या अंधारात तिच्या शेजारी दिगंबर आव्हाड बसायचे. वयानं तिच्याहून थोडे मोठे, डावरे, आणि नाकावर कायम राग. तिनं चांगलं म्हटलेलं पातं त्यांना हटकून वाईट वाटायचं. दालनात त्यांना सगळे शंकासुर म्हणत. अनूला शिकवायची वेळ आली तेव्हा दोघांच्याही डोळ्यांवर खास चष्मे चढवले होते. कुठे बघतात, किती वेळ बघतात, कुठलं पातं ठेवतात, कुठलं टाकतात, सगळं दोन वर्षं टिपलं गेलं. मग संगणकवाले म्हणाले, दोघांचं जुळत नाही, दोन गुरू असले की शिष्य गोंधळतो. ज्याची नजर स्थिर, त्याचीच घेऊ. हर्षदाची घेतली. आव्हाडांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि जाताना तिला म्हणाले, "तुझ्या डोळ्यांचं सोनं झालं. माझ्या डोळ्यांची रद्दी."

"डोळे तयार, ताई," अनू म्हणाली.

जांभळा दिवा लागला. हर्षदानं हातमोजे चढवले. उजवा मोजा पट्टीवरून जाईना. जाईना म्हणजे गेला, पण पातं चिमटीत धरताच अशी कळ गेली की ती ओरडलीच. शेवटी तिनं पातं डाव्या हातात घेतलं. सगळंच उलटं. पातं उलटं धरलं गेलं, टोकाकडून. फिरवायची दिशा उलटी, मान कुठे वळवावी तेही कळेना. नवशिक्यासारखी ती एकेक पातं अडखळत फिरवत होती आणि स्वतःवर चिडत होती.

त्याच चिडचिडीत एका पात्याच्या बुडाशी तिला हिरवी रेघ दिसली.

बुडाशी, म्हणजे जिथे पातं चाकात बसतं त्याच्या जरा वर. रोज तिचा उजवा अंगठा जिथे टेकायचा, अगदी तिथे. अंगठा टेकला की मोज्याला लागलेला रंग तिथे उमटतो. प्रत्येक पात्यावर अंगठ्याएवढा फिकट हिरवा डाग. तो पुसून पुन्हा बघायचं असतं. पण दिवसाला एवढी पाती, आणि आपल्याच हाताचा डाग कोण मोजतो? पुसणं कधी सुटलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आज मात्र अंगठा तिथे टेकलाच नव्हता. डाग नव्हता. रेघ होती.

तिनं कापडानं पुसलं. रेघ गेली, आणि पुसटशी पुन्हा वर आली. भेगेतून रंग पाझरत होता.

नियम नियम असतो. ती काही बोलली नाही. पातं अनूच्या हातात दिलं, म्हणजे त्या मऊ रबराच्या चिमट्यात. चिमटा गर्रकन फिरला.

"स्वच्छ," अनू म्हणाली.

सहा वर्षांत दोघींचं मत कधी वेगळं पडलं नव्हतं. एकदाही नाही. हर्षदाला आधी वाटलं, आपलंच चुकलं. मग पुन्हा पाहिलं, तर रेघ तिथेच होती.

"अनू, आता मी विचारतेय, नियम बाजूला ठेव. बुडाशी काही दिसतंय?"

"हिरवं दिसतंय."

"मग स्वच्छ कसं म्हणालीस?"

"तिथलं हिरवं हातमोज्याचं असतं, ताई."

"तुला कुठले आलेत हातमोजे!"

"तिथलं हिरवं तुम्ही कधीच भेग म्हणून धरलं नाहीत. म्हणून मीही धरत नाही."

हर्षदा स्टुलावर बसली. सहा वर्षांची पाती. आणि आज दुपारी चार वाजता अन्वी घोरपडे उडणार होती.

अन्वी म्हणजे स्क्वाड्रन लीडर, आगाराची चाचणी वैमानिक, साताऱ्याकडची तिशीतली पोर. दुरुस्त झालेलं हेलिकॉप्टर पहिल्यांदा हवेत न्यायचं ते तिनं. उडण्याआधी ती न चुकता दालनात डोकावायची, "काकू, सगळं ठीक ना?" विचारायची, आणि हर्षदा म्हणायची, "जा बिनघोर." आजच्या हेलिकॉप्टरच्या इंजिनाचं काम मागल्या आठवड्यात याच टेबलावरून गेलं होतं. त्यातली पातीही याच घाण्यातली, एका वेळी ओतलेली.

ती तडक देशमान्यांच्या खोलीत गेली. निखिल देशमाने गुणवत्ता विभागाचे प्रमुख. अनू हे त्यांचंच अपत्य. माणूस सरळ होता, फक्त घाईत असायचा.

"साहेब, आजचं उड्डाण थांबवा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाले, "मॅडम, बसा. एक पातं. तेही तुम्ही दुखऱ्या हातानं, उलटं धरून बघितलंय. अनूनं ते पास केलंय. एका नजरेवर मी उड्डाण थांबवू शकत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. दुसरी नजर काय म्हणते?"

"दुसरी नजर आहे कुठे?"

"अनू आहे ना. सहा वर्षांत तुमचं आणि तिचं शंभर टक्के जुळलंय. म्हणून तर वरच्या मंडळानं तिला मान्यता—"

"तेच म्हणतेय मी," हर्षदाचा आवाज चढला. "शंभर टक्के! अहो, नवराबायकोचं जुळत नाही एवढं. तिचं जुळतं कारण ती दुसरी नाहीच. ती मीच आहे. सहा वर्षं मी पातं बघतेय, आणि मग मीच पुन्हा बघतेय, आणि दोन शिक्के मारतेय!"

देशमान्यांनी पेन उघडलं, मिटलं. "मला माणसाची दुसरी नजर द्या," ते शेवटी म्हणाले. "शिक्का चालू असलेल्या माणसाची. त्यानं स्वतःहून तेच पातं काढलं तर मी स्वतः धावपट्टीवर जाऊन उड्डाण थांबवतो. नाही काढलं, तर अन्वी उडेल. मी आणखी काही करू शकत नाही."

शिक्का चालू असलेला माणूस. निवृत्त निरीक्षकाचा शिक्काही पासष्टीपर्यंत चालू राहतो, पण त्यानं दरवर्षी डोळे तपासून घेतले तर. आणि असा खटाटोप कोण करतो? हर्षदानं तरी यादी पाहिली. तिथे एकच नाव होतं, आणि ते बघून तिच्या तोंडून आपसूक निघालं, "अगंबाई!"

आव्हाड सिन्नरच्या पुढच्या एका गावात राहत. आगाराची जीप दारात थांबली तेव्हा ते कांद्याच्या चाळीत बसले होते आणि सुनेशी भांडत होते.

"अण्णा, हा चांगला कांदा आहे!" सून म्हणत होती.

"चांगला? वास घे. आतून गेलाय." त्यांनी डाव्या हातानं कांदा बाजूला भिरकावला. बाजूचा ढीग बराच मोठा झाला होता. मग त्यांची नजर हर्षदाकडे गेली. त्यांनी हात झटकले, पण उठले नाहीत.

"वाघचौरेबाई. वाट चुकलात?"

"अण्णा, चला माझ्याबरोबर. एक ट्रे बघायचाय."

"तुमचं ते यंत्र आहे ना?"

"आहे. पण मला तुम्ही हवे आहात."

"का? काय सापडलंय?"

हर्षदा गप्प राहिली. सांगायचं नसतं. म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं, आणि तिचा गप्प चेहरा बघता बघता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल होत गेल्या.

"दरवर्षी डोळे तपासून घेतात," सून हळूच म्हणाली. "आम्ही म्हणतो, कशाला ती पायपीट? तर म्हणतात, कुणी बोलावलं तर?"

"तू कांदे बघ," आव्हाड खेकसले आणि चप्पल शोधायला लागले.

जीपमध्ये दोघं फारसं बोलले नाहीत. आव्हाड खिडकीबाहेर बघत होते. एकदा म्हणाले, "नवरा गेल्याचं कळलं होतं. यायला हवं होतं मी." ती म्हणाली, "हो, यायला हवं होतं." त्यावर ते मोठ्यानं खोकले आणि विषय संपला.

आगारात पोचेपर्यंत दुपार कलली होती. बाहेर धावपट्टीकडच्या फाट्यावर अन्वी उड्डाणाच्या पोशाखात उभी होती. तिनं लांबून हात केला. हर्षदानंही केला, पण "जा बिनघोर" तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

तिनं ते पातं इतर पात्यांत मिसळून ट्रे टेबलावर ठेवला. देशमाने साक्षीला कोपऱ्यात उभे राहिले. आव्हाडांचा चष्मा उन्हात काळा होणाऱ्या काचेचा निघाला. तो इथे चालत नाही, जांभळ्या दिव्याखालीही काचा काळ्या पडतात. त्यांनी बिनबोभाट खिशातून दुसरा काढला. साध्या काचेचा, जुना, काडीला दोरा बांधलेला.

"अंधार कर," हर्षदा म्हणाली.

दिवे गेले. डोळे अंधाराला लागेपर्यंत बसायचं. सहा वर्षांनी त्या अंधारात तिच्या शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं. कांद्याचा वास येत होता. ती सवयीनं म्हणाली, "कँटीनचा चहा अगदीच वाईट झालाय, अण्णा."

"वाईट तो पहिल्यापासूनच होता. तुला आवडायचा."

"मला? मला कधी आवडला?"

"रोज दोन कप प्यायचीस. उगाच बोलू नकोस."

हर्षदाला हसू आलं. बरोबर होतं त्यांचं. रोज दोन कप. हे तिला कुणी आठवण करून दिलं नव्हतं, कारण आठवण करून देणारं कुणी उरलंच नव्हतं. अनूला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नुसतं कोमट पाणी.

"डोळे तयार," अनूचा आवाज आला.

"ही कोण?" आव्हाड दचकले.

"मीच," हर्षदा म्हणाली. "तुम्ही बघा."

जांभळा दिवा लागला. आव्हाडांनी पहिलं पातं डाव्या हातानं टोकाशी धरलं आणि फिरवलं. एक पातं, दुसरं, तिसरं. एका पात्यापाशी ते थबकले आणि ते बाजूला ठेवलं. ते भेगेचं नव्हतं. तिनं ते दोनदा पाहिलं होतं, चांगलं होतं. हर्षदानं ओठ दाताखाली धरला. शंकासुर! कोपऱ्यात देशमान्यांनी पाय बदलला. म्हाताऱ्याचे डोळे गेले असतील तर? कांद्यासारखी सगळीच पाती त्यांनी बाजूला भिरकावली तर? मग ती कुठल्या तोंडानं उड्डाण थांबवणार होती?

मग भेगेचं पातं हातात आलं. आव्हाडांनी ते फिरवलं. पुढे ठेवायला हात नेला. आणि थांबले. डोळ्यांजवळ आणलं, कापडानं बूड पुसलं, आणि वाट बघत राहिले.

"ही काय रेघ," ते म्हणाले. मग आवाज बदलला. "हर्षदा, ही भेग आहे गं. बुडाशी. हे तू कसं सोडलंस?"

दार उघडून देशमाने धावत सुटले होते. उघड्या दारातून उजेड आत आला आणि हर्षदा तो तोंडावर घेत बसून राहिली. "सोडलं खरं," ती म्हणाली. "कित्येक सोडली असतील."

चार वाजता पांढरमाळवरून काही उडालं नाही. अन्वीच्या हेलिकॉप्टरचं इंजिन पुन्हा उलगडलं तेव्हा एका पात्याच्या बुडाशी तशीच भेग निघाली. हिच्याहून लांब. कुणी म्हणालं पन्नास तास टिकलं असतं, कुणी म्हणालं पाचही नाही. देशभरातली हेलिकॉप्टरं थांबवून पाती परत मागवली गेली. आजवर एकही पडलं नव्हतं हे निव्वळ नशीब.

दुसऱ्या दिवशी अन्वी दालनात आली आणि रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर बसली. नेहमीचा प्रश्न तिनं विचारला नाही.

"काकू, मी तुमच्या भरवशावर उडते," ती म्हणाली. "तुम्ही कुणाच्या भरवशावर शिक्का मारता?"

हर्षदानं अंधारखोलीच्या दाराकडे बोट केलं, मग हात खाली घेतला. खरं उत्तर तिला ठाऊक होतं, पण ते त्या पोरीला सांगवेना. अन्वी उठली, तिच्या पट्टीच्या अंगठ्याला हळूच हात लावला आणि म्हणाली, "बरा होऊ देऊ नका हा लवकर."

त्या दिवशी अंधार झाल्यावर हर्षदानं अनूला विचारलं, "माझं न पटणारं काहीतरी बोल."

"कशाबद्दल, ताई?"

"कशाहीबद्दल. चहा, देशमाने, मी."

मग अनू म्हणाली, "काय बोललेलं तुम्हाला पटणार नाही ते सांगा, मी तेच बोलते."

सहा वर्षं तिला वाटत होतं, खोलीत दोघी आहोत. घरी एकटी, पण इथे तरी सोबत आहे. आता कळत होतं की घरच्या भिंतीशी बोलली असती तरी एवढीच सोबत झाली असती. तिनं दिवे लावायला सांगितले आणि त्या दिवशी लवकर घरी गेली. घरी जाऊनही काही करायला नव्हतं.

पण देशमाने गप्प बसणारे नव्हते. आव्हाडांची जुनी दोन वर्षांची नोंद त्यांनी शोधून काढली. रद्दी कुणी टाकून दिली नव्हती. शिवाय म्हाताऱ्याला पुन्हा बोलावून तो नजर टिपणारा चष्मा चढवला. पाऊण महिना आव्हाड रोज जीपनं येत, हर्षदाशी भांडत, चांगली पाती बाजूला काढत आणि कँटीनचा चहा पिऊन नावं ठेवत. हर्षदा रोज जरा जास्तीची भाजी डब्यात भरायची, आणि तिखट जास्त झाल्याचं ऐकून घ्यायची. मग त्यांची पासष्टी आली. नियमाप्रमाणे शिक्का त्या दिवशी बंद. त्यांनी तो टेबलावर ठेवला, दोरा बांधलेला चष्मा खिशात घातला आणि जीपमध्ये बसले. म्हणाले, "आता मी आत राहिलोय तुझ्याबरोबर. बघ, सहन होतंय का."

जीप गेली. दालन पुन्हा पहिल्यासारखं झालं. हर्षदा अंधारखोलीत शिरली. अनूला आता दोघांची नजर शिकवली होती, पण दोघांची सरासरी काढून नव्हे. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे थांबायला तिला शिकवलं होतं. थांबून पुढे काय करायचं, हे मात्र कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं.

"अंधार कर."

दिवे गेले. गप्पा मारायचा तिला धीर होईना. ती नुसती बसली. डोळे तयार झाले. अंगठा आता बरा होता, पण तिनं पातं मुद्दाम डाव्या हातात घेतलं, मग उजव्या. पुसलं, वाट बघितली. सगळीकडून फिरवलं.

"स्वच्छ," ती मनाशी म्हणाली, आणि तोंडानं काही न बोलता पातं चिमट्यात दिलं.

चिमटा फिरला. थांबला. उलटा फिरला. असं तो कधी करत नसे.

"माझं पूर्ण झालं," अनू म्हणाली. "तुमचं मत, ताई?"

"स्वच्छ."

"मला नाही तसं वाटत."

हर्षदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओल्या डोळ्यांनी हिरवं काही दिसत नाही, सगळं पसरतं, म्हणून तिला दिवा बंद करून थांबावं लागलं. अंधारात तिनं पदरानं डोळे टिपले. हा आनंद होता की भीती, तिला ठरवता येईना.

"कुठे?" तिनं विचारलं. "कुठे दिसतंय तुला?"

"ते मी सांगायचं नसतं," अनू म्हणाली. "तुम्हीच बघा."

दिवा पुन्हा लागला. हर्षदानं पातं घेतलं आणि बुडापासून टोकापर्यंत, टोकापासून बुडापर्यंत, डाव्या हातानं, उजव्या हातानं, जिथे तिचा अंगठा टेकायचा तिथे, जिथे आव्हाडांचा टेकायचा तिथे, सगळीकडे पाहिलं. कुठे काही नव्हतं. बाहेर फाट्यावर अन्वी तिच्या शिक्क्याची वाट बघत होती. हा म्हाताऱ्याचा जुना संशय यंत्रातून बोलत होता, की तिच्या आणि आव्हाडांच्या, दोघांच्याही अंगठ्याखाली कायम झाकलेली एखादी जागा या यंत्राला दिसत होती?